ही सहल आहे. शिक्षण म्हणून विकू नका.

आज लेकीच्या कॉलेजात पालकांची बैठक होती. कामाच्या दिवशी, भर दुपारी. अर्धी रजा टाकून गेले. विषय होता 'ग्लोबल इमर्शन प्रोग्राम'. बारा दिवस युरोप, दोन विद्यापीठांना भेट, शेवटी प्रमाणपत्र. खर्च पावणेतीन लाख, आणि वरखर्चाला मुलांकडे थोडे युरो द्यायचे ते वेगळे. स्टेजवर बोलायला एकही प्राध्यापक नव्हता. बोलत होता एका टूर कंपनीचा माणूस, आणि प्राचार्य पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होते.

माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते, रबाळे एमआयडीसीत कामाला. शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र तसंच लावलेलं, बहुतेक शिफ्ट संपवून थेट आले असावेत. त्यांनी उभं राहून विचारलं, "हप्त्यांनी भरता येतील का?" शेजारी बसलेली त्यांची मुलगी बाही ओढत होती, "बाबा, बसा ना, नको." स्टेजवरून उत्तर आलं, "सर, लोनची सोय आहे आमच्याकडे. मुलांच्या करिअरचा प्रश्न आहे, अडीच-तीन लाखांकडे काय बघायचं?"

काय बघायचं? त्या माणसाचा अख्ख्या वर्षाचा पगार असेल तो! माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजून गेलेली नाही. वाशीला शाखेत परत जाता जाता ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसून हे टाइप करतेय.

मी बँकेत आहे, परदेशी पैसे पाठवण्याचे अर्ज रोज हातावरून जातात. म्हणून बैठकीत वाटलेल्या फीच्या कागदाची मागची बाजू आधी वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'टीसीएस वेगळा.' टीसीएस म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ वसूल केला जाणारा कर. आता हे नीट समजून घ्या. मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही परदेशी पैसे पाठवता तेव्हा वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा सातवरून दहा लाख झालीय. पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो तो परदेशी टूर पॅकेजला. म्हणजे करखात्यासमोर ही कंपनी स्वतःच सांगतेय की आम्ही सहल विकतोय, आणि आपल्यासमोर कॉलेजच्या सभागृहात, कॉलेजच्या बोधचिन्हाखाली, त्याच सहलीला शिक्षण म्हणतेय. तो टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, ठाऊक आहे मला. मुद्दा तो नाही. मुद्दा खोटेपणाचा आहे.

मला हे इतकं लागलं त्याचं कारण माझी भाची. बहिणीची मुलगी, कळव्यातच राहते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. ती दोन महिने फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत जाऊन आली, 'शार्पाक लॅब' शिष्यवृत्तीवर. ही फ्रेंच दूतावासाची योजना आहे, १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जॉर्ज शार्पाक यांच्या नावाची. तिथे राहण्याचा भत्ता मिळतो. तिकिटाचे पैसे तेवढे भाऊजींनी पतपेढीतून उचलले. आणि ही योजना तिला कुणी सांगितली? कॉलेजने नाही. एका सीनियर मुलीने व्हॉट्सॲपवर लिंक टाकली म्हणून कळलं. तिने फ्रान्समधल्या प्राध्यापकांना ईमेल लिहायला सुरुवात केली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी एका बाईंनी दिलं, तिचा प्रोजेक्ट बारकाईने वाचून प्रश्न विचारणारं. आणि इथे आपल्या कॉलेजात शिफारसपत्रावर सही मिळायला ती खेटे घालत होती. "एवढ्या भानगडी कशाला करतेस?" असं विचारलं तिला. त्याच कॉलेजात आता टूर कंपनीसाठी सभागृह, माइक, चहा-बिस्किटं, सगळं हजर!

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. ठाण्यात, ऐरोलीत, नेरूळला, जिथे विचारावं तिथे हेच ऐकू येतंय. शाळांपर्यंत आलंय आता.

बरं, जाणार कधी? ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये युरोपातली विद्यापीठं रिकामी असतात, उन्हाळ्याची सुट्टी असते. वर्ग बंद, प्राध्यापक गावी गेलेले, वसतिगृहाच्या खोल्या मोकळ्या. आपली मुलं तिथे जाऊन भेटणार कुणाला? एकमेकांनाच. ठाण्याहून निघालेली पोरं ठाण्याच्याच पोरांबरोबर एका बसमधून फिरणार. चौथ्या दिवशी चॉकलेटचा कारखाना आहे, वेळापत्रकात त्याला 'इंडस्ट्री व्हिजिट' लिहिलंय.

मी उठून विचारलं, क्रेडिट किती मिळणार? युरोपात ईसीटीएस नावाची पद्धत आहे. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत धरतात, वर्षाला ६० क्रेडिट. म्हणजे दोन क्रेडिट द्यायची तरी पन्नास-साठ तास अभ्यास हवा. बारा दिवसांतून प्रवासाचे दोन काढा, डोंगर, बोट, कारखाना काढा, मग उरतं काय? उत्तर मिळालं, "मॅडम, क्रेडिटपेक्षा एक्स्पोजर महत्त्वाचं." टाळ्या वाजल्या. हो, आपल्याच पालकांनी वाजवल्या.

भाचीला एक्स्पोजर मिळालं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात तिला एनएमआर मशीन, म्हणजे रेणूंची रचना शोधणारं यंत्र, चालवायला शिकवलं आणि सांगितलं, आता तुझा वेळ तू बुक कर, तुझे नमुने तूच लाव. इथे तिने हे यंत्र पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. तिच्या कॉलेजातलं साधं यंत्रसुद्धा कापडाखाली झाकलेलं, किल्ली एचओडींकडे. तिथे रात्री आठला ती एकटी बसून स्वतःचे आलेख काढत होती. पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद, हे तिला माहीतच नव्हतं. घरून नेलेल्या भाजणीची थालीपीठं लावून दिवस काढला, शेजारच्या खोलीतल्या मोरोक्कोच्या मुलीलाही वाढली. पुढे दोघी मिळून स्वयंपाक करायला लागल्या. अजून त्यांचं बोलणं चालू असतं. मला फोनवर म्हणाली होती, "मावशी, इथे मी चुकले तरी कुणी ओरडत नाही, परत कर म्हणतात." हे सांगताना ती रडत होती, आणि आता लिहिताना मलाही भरून येतंय. दोन महिन्यांत पोर बदलली. तिचं बोलणं बदललं, प्रश्न विचारणं बदललं.

म्हणून मी परदेशी जाण्याच्या विरोधात मुळीच नाही. कमी दिवसांत काहीच होत नाही असंही म्हणत नाही. एखाद्या मुलाला बारा दिवसांतही काहीतरी दिसेल, कबूल. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल जावं. पण हे मुळात सुरू कसं झालं ते बघा. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, एका प्राध्यापकाबरोबर, पूर्ण वर्षासाठी. आधी भाषा शिकवली, मग पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाच्या वर्गात बसवलं. युरोपात १९८७ पासून इरॅस्मस ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना चालू आहे, त्यात मुलं एक-दोन सत्रं दुसऱ्या देशात शिकतात आणि क्रेडिट घरच्या पदवीत धरली जातात. आपल्याकडेही २०२२ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत ट्विनिंगची, म्हणजे इथल्या पदवीचा काही भाग परदेशी शिकण्याची, सोय झालीय, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेत करता येतात. पण त्यासाठी कॉलेजला त्या विद्यापीठाशी करार करावा लागतो, अभ्यासक्रम जुळवावा लागतो. कष्टाचं काम आहे. सभागृह भाड्याने दिल्यासारखं वापरू देणं सोपं.

आणि पैसे न घेता, उलट देऊन नेणाऱ्या योजना आहेत हो! जर्मनीच्या 'डाड' या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची 'वाइज' आहे, विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना तिथल्या विद्यापीठांत इंटर्नशिप. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक आहे, बारा आठवडे संशोधन. जपानची साकुरा सायन्स आहे, ती तर कमी दिवसांचीच, पण खर्च त्यांचा. वाइजला ठरावीक संस्थांचीच मुलं चालतात, साकुराला तिथल्या संस्थेचं बोलावणं लागतं, हे खरं. सगळ्यांना मिळणार नाही हेही खरं. पण नोटीस बोर्डावर एक कागद लावायला काय जातं? आजच्या बैठकीत शार्पाक धरून या चारपैकी एकाही योजनेचं नाव निघालं नाही. मी काढलं तर प्राचार्य म्हणाले, "ते फार थोड्या हुशार मुलांसाठी असतं." भाची वर्गात पहिली-दुसरी कधीच नव्हती. ती चिकाटीची होती, एवढंच.

त्या रबाळ्याच्या गृहस्थांना गेटबाहेर गाठलं. फॉर्म भरू नका म्हटलं नाही, तो माझा अधिकार नाही. टीसीएसचं सांगितलं, मुलीला माझा नंबर दिला. मुलगी बायोटेकला आहे. तिने शार्पाकचं स्पेलिंग लिहून घेतलं, तळहातावर, पेनाने.

माझी लेक रुसलीय, कारण तिच्या तीन मैत्रिणींची नावं गेलीत. तिला मी आज घरी नीट समजावणार आहे. पाठवणार नाही.

आता कामाचं. येत्या रविवारी सकाळी भाची आमच्या घरी बसणार आहे. प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, कुठल्या योजनेला काय कागद लागतात, ते सगळं दाखवेल. मिटॅक्सचे अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतात, वाइजचे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे हातात फार वेळ नाही. ज्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी पाठवा, बारावीची आली तरी चालतील. येण्याआधी मला मेसेज करा, पत्ता देते. आणि पासपोर्ट नसेल तर या आठवड्यातच अर्ज टाका, साध्या पासपोर्टला १५०० रुपये फी आहे, केंद्र वागळे इस्टेटला आहे.