अनुदानही घ्यावं, कॉलेजही करावं

सर, नमस्कार.

बारावी झालेल्या, अल्पदृष्टी असलेल्या मुलीला मी दरमहा सरकारी अनुदान देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला सांगितलं, ते तुम्हाला खटकलं. ‘पुस्तक हातात द्यायच्या वयात तिला तहसीलच्या रांगेत उभं केलंत, अशानेच अपंग माणूस लाचार होतो,’ असं तुम्ही लिहिलंत. आयुष्य शाळेत काढलेल्या मुख्याध्यापकाला असं वाटणं स्वाभाविक आहे. मला मात्र ते पटत नाही.

मुळात ‘हे की ते’ अशी अट योजनेत नाहीच. किमान 40 टक्के दिव्यांगत्व हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. कॉलेजात शिकणारी मुलगी अपात्र, असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि 50 हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरासं वर. अशा घरातल्या मुलीचं शिक्षण अडतं ते खानावळ, प्रवास आणि झेरॉक्स यांच्या खर्चापायी. झेरॉक्स ऐकून हसू नका. नजर अधू असली की मैत्रिणीची वही नुसती मागून भागत नाही, एकेक पान ए-थ्रीवर मोठं करून घ्यावं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचं अनुदान महिना 2,500 रुपये झालंय, त्यात हे बसतं.

शिवाय दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तिला जिल्हा रुग्णालयाची रांग चुकणार नाहीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, वयात 5 वर्षांची सूट आहे. त्यासाठीही तोच दाखला लागतो, पुढे सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांसाठीही तोच. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला पुरता एक तास! चौथ्या प्रश्नापर्यंत जिच्या डोळ्यांपुढे अक्षरं पळायला लागतात, तिला विचारा त्या तासाची किंमत.

लाचारीचं म्हणाल, तर ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांच्या, फी-माफीचे फॉर्म तुमच्याही शाळेत वर्गशिक्षकांनी बसून भरून घेतले असतील. त्या पोरांना कुणी लाचार म्हटलं नाही. मग हिलाच का?

तुमची एक शंका मात्र रास्त आहे. घरात महिन्याचे पैसे येऊ लागले की ‘आता कशाला शिकायचंय, बस घरी’ असं म्हणणारे आईबाप असतात. पाहिलेत मी. त्याला अनुदान नाकारणं हा उपाय नव्हे. खातं तिच्या एकटीच्या नावावर असावं आणि एटीएम कार्ड तिच्याच पर्समध्ये. उद्या नोकरी लागून उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं आणि अनुदान बंद झालं, तर खुशाल होऊ द्या.

क्रम विचाराल तर प्रवेश आधी. त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. निराधारचा अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जाऊन मंजूर व्हायला महिने लागतात, तो सवडीने पुढे सरकेल.

आणि एक विनंती. तुमच्या गावात अशी कुणी मुलगी असेल तर उत्पन्नाचा दाखला काढायला तिच्यासोबत तुम्ही जा. सोबत हेडमास्तर असले की खिडकीपलीकडचा माणूस ‘उद्या या’ म्हणताना जरा विचार करतो.