हिरो चालतो, फक्त आमची गाडी थांबवू नका

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मयूर शेळकेचा व्हिडिओ आला आणि माझं डोकं फिरलं.

मयूर शेळके आठवतोय ना? वांगणी स्टेशनचा पॉइंट्समन. १७ एप्रिल २०२१. अंध आई, रुळांवर पडलेलं तिचं पोर, समोरून येणारी एक्सप्रेस आणि रुळांमधून त्या गाडीच्याच दिशेने पळत सुटलेला हा माणूस. पोराला वर ढकललं, मागोमाग स्वतः चढला आणि गाडी आली. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, तर त्यातले निम्मे त्याच मायलेकांना देऊन टाकले. असल्या माणसाचा व्हिडिओ बघून राग कुणाला येईल? मलाही व्हिडिओचा नाही आला. ज्यांनी टाकला त्यांचा आला. खाली लिहिलं होतं, 'रिअल हिरो. असे लोक आता राहिले नाहीत.'

याच गृहस्थांनी सकाळी याच ग्रुपवर लिहिलं होतं: 'ठाण्यात कुठल्यातरी बयेने चेन ओढलीये. लेडीज डब्यातली नाटकं. लेट मार्क लागला.' त्यावर हसणाऱ्या इमोज्यांची रांग.

मी त्या लेडीज डब्यात होते, काका. नाटक नव्हतं. दारापाशी उभी असलेली एक बाई घाम फुटून सरळ खाली बसली, मग आडवीच झाली. गाडी नुकती हलली होती. विशीतल्या एका मुलीने साखळी ओढली. त्यानंतर आपल्याच बायका तिच्यावर जे तुटून पडल्या! 'मुलुंडला उतरवलं असतं ना!' 'तुला काय, तुझं कॉलेज असेल!' (गळ्यात ऑफिसचं आयकार्ड होतं तिच्या. ते बघायला वेळ कुणाला?) रेल्वेचा माणूस आला, 'कोणी ओढली?' म्हणून विचारलं, तर हिने हात वर केला. शाळेत करतात तसा. हात थरथरत होता, पण खाली नाही घेतला.

आता लगेच कुणीतरी कायदा शिकवायला येईल, म्हणून आधीच सांगते. हो, रेल्वे कायद्याचं कलम १४१ मला माहीत आहे, कारण नसताना साखळी ओढली तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हो, दोन स्टेशनांच्या मधे गाडी अडकवण्यापेक्षा पुढच्या स्टेशनवर नेलेलं बरं, हेही मान्य. पण इथे अर्धी गाडी अजून प्लॅटफॉर्मला होती हो. झालं?

मला आईची बस आठवली. जवळच्यांना माहीत आहे ती गोष्ट, बाकीच्यांसाठी लिहिते.

आई नौपाड्याहून माझ्याकडे यायला निघाली होती. एकादशीचा उपास, त्यात डायबिटीसची गोळी घेतलेली. व्हायचं तेच झालं. घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, मेट्रोच्या कामाने बस आधीच मुंगीच्या पावलाने चाललेली, आणि आई बडबडायला लागली. साखर उतरली होती. लेडी कंडक्टर होती. तिने डबल बेल दिली नाही, सिंगल दिली आणि ओरडली, 'मास्तर, बाजूला घ्या.' बस कडेला. स्वतःच्या डब्यातला गुळाचा खडा काढून आईच्या जिभेवर ठेवला. वेबिलच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसली. आईच्या फोनमधून 'मोठी' शोधून मला फोन लावला.

आणि बसमधले? 'ओ मॅडम, रिक्षात बसवून द्या ना त्यांना.' 'आमचे पैसे परत द्या.' 'तुमचं काय, तुमचा पगार चालू आहे.' मी फोनवर होते. सगळं ऐकू येत होतं.

ती काय म्हणाली तेही ऐकलं. आवाज अजिबात चढवला नाही. 'एकटीला नाही सोडणार. घाई असेल त्यांनी मागची बस धरा, याच तिकिटावर.'

मी रिक्षाने पोचेपर्यंत ती जागची हलली नव्हती. अर्धी बस रिकामी झाली होती, उरलेली तिच्याकडे खाऊ का गिळू बघत होती.

मला विचाराल तर हिरो म्हणजे एवढंच. शेळकेसमोर गाडी होती. तुकाराम ओंबळेंसमोर एके-४७ होती आणि हातात फक्त काठी. त्या माणसांबद्दल बोलायची आपली लायकी नाही, मी बोलतही नाही. पण रोजच्या आयुष्यात हिरोसमोर कोण असतं? आपण असतो. घड्याळ बघणारी, चांगल्या घरची, गणपतीला वर्गणी देणारी, सुशिक्षित चाळीस माणसं. त्यांचा तळतळाट अंगावर घेऊन पंधरा-वीस मिनिटं तिथंच उभं राहायचं. करून बघा. मला वाटतं बंदुकीसमोर निदान आपण बरोबर आहोत हे तरी कळत असेल. इथे चाळीस जण तोंडावर सांगतात की तू चूक आहेस, मूर्ख आहेस, लोकांचा वेळ खातेस.

सरकारलाही यातलं अर्धं कळलेलं आहे. लोक अपघातात मदत करायला पोलिसांना आणि कोर्टाला घाबरतात, म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातलं. मदत करणाऱ्याच्या मागे लचांड लागणार नाही. उत्तम. पण सहप्रवाशांपासून वाचवणारं कलम कुठे आहे?

बरं, थोडं शांत होते. चहा घेऊन आले.

लेट मार्क लागणाऱ्यांचंही काही असतं. तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार कापणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. त्या बसमध्ये एक घरकामवाली ताई होती, ती बिचारी नुसतं 'माझं काम जाईल हो' म्हणत होती. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. आणि गंमत म्हणजे ती उतरली नाही! शेवटपर्यंत आईची पिशवी मांडीवर धरून बसली होती. घसा फोडून भांडणारे मात्र पाठीला लॅपटॉप लावलेले होते.

आणि पुढचं ऐका. त्या बसमधल्या कुणीतरी कंडक्टरची तक्रार केली. बस विनाकारण थांबवली म्हणून. विनाकारण! तिची पुढची फेरी बुडाली होती, त्याचा लेखी खुलासा मागितला. कुठल्या डेपोने ते सांगत नाही, उगाच तिलाच त्रास. मी पेढ्यांचा पुडा घेऊन भेटायला गेले तर ती म्हणाली, 'पेढे राहू दे ताई. काय झालं ते लिहून द्या, सही करून. माझ्या फाइलला लागेल.'

शाल नको, श्रीफळ नको, फोटो नको. फाइलला लागेल असा एक कागद. आणि इकडे तीन हात नाक्यावर बघावं तर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स, गॉगल लावलेला भाऊ, खाली 'ठाण्याचा रिअल हिरो', आणि शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ फोटो. हे भाऊ कुणासाठी बसमधून तरी उतरलेत का कधी?

सकाळच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. आजारी बाईला स्ट्रेचरवरून नेलं, ती मुलगीही बरोबर उतरली. म्हणजे लेट मार्क तिलाही लागलाच. गाडी सुटल्यावर डब्यात लगेच विषय बदलला, भिशी कधी आहे वगैरे.

आईने वाचून विचारलं, 'त्या कंडक्टर बाईचं नाव का नाही लिहिलंस?' आई, तिला विचारल्याशिवाय कसं लिहू?

तर मंडळी, खाली 'सलाम' आणि 'अप्रतिम लेख' लिहू नका. तुमच्याही बाबतीत कुठल्या ड्रायव्हरने, कंडक्टरने, नर्सने, वॉचमनने असं काही केलं असेल तर त्याच्या वरच्या साहेबाला पत्र लिहा. कागदावर. तारीख, वेळ, बस असेल तर बसचा नंबर, काय केलं ते सरळ भाषेत, खाली सही आणि फोन नंबर. दोन प्रती घ्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या आणि ती त्या माणसाच्या हातात द्या. मी लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे, नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये या.