ताईची धडधड गॅसची नव्हती

मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणजे हृदय निकोप झालं. आताची धडधड गॅसची नि टेन्शनची. नाक दाबून जोर करा, अर्जुनसालीचा काढा घ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. वायर घालून हृदय जाळून घेऊ नका.’ ताईने ते खरं मानलं. तिच्या गोळ्यांच्या डबीत सोमवार ते गुरुवारचे कप्पे तसेच भरलेले दिसले आणि माझं डोकंच फिरलं.

ताईला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष. सहाव्या वर्षी हृदयातलं भोक बुजवलं, फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी केली. ऑपरेशन उत्तमच झालं. पण जिथे कापलं, टाके घातले, तिथे व्रण राहतो. हृदयाचे ठोके चालवणारी वीज व्रणातून जात नाही, ती त्याला वळसा घालते आणि कधी त्याच वळशात गरगरत राहते. हे वीस-तीस वर्षांनीही सुरू होतं. धडधड सुरू झाली त्या रात्री ताईची नाडी मिनिटाला 150 होती. तासभर पडून राहिली, तरी 150च. टेन्शनची धडधड हळूहळू चढते, निवांत झालं की उतरते. ही बटण दाबल्यासारखी सुरू झाली होती. अशा वेळी आधी ईसीजी काढायचा. वळसा हृदयाच्या खालच्या कप्प्यात असेल तर माणूस कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो.

नाक दाबून जोर केल्याने काही प्रकारची धडधड थांबते, डॉक्टरही ते शिकवतात. हे मान्य. व्रणाभोवतीचा वळसा मात्र सहसा त्याने तुटत नाही.

गोळ्या बंद करायचा सल्ला तर जिवावर उठणारा आहे. अशा धडधडीत हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मध्यम किंवा गंभीर जन्मदोषात अशी लय बिघडली, तर या गोळ्यांचा विचार करावा. ताईचा दोष मध्यम गटातला. काढ्याने गुठळी अडत नाही.

आणि ‘हृदय जाळतात’ म्हणजे काय, तर आधी विजेच्या वाटेचा नकाशा काढून वळशातली चिंचोळी जागा तेवढी बंद करतात. त्रास पुन्हा उद्भवू शकतो, पण तेही आधी सांगतात.

शुक्रवारी ताईचा आयएनआर केला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी. 2 ते 3 हवा होता, 1.3 आला, म्हणजे गोळ्यांचा असर उतरला होता. मावशी, तो मेसेज जिथे जिथे पाठवलास, तिथे हेही पाठव.