रोजगार हमी आपल्याच मातीतली आहे

सांगलीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बारावी झालेल्या पोरांना सल्ला आहे: समाजधोरण वगैरे शिकू नका, त्यात पोट भरत नाही. गरिबांचं काम करायला मन लागतं, डिग्री नाही. योजनांनी लोक आळशी झालेत. आणि आपल्या जिल्ह्यात गरिबी उरलीय कुठे? मी नऊ वर्षं हेच काम करते, म्हणून लिहिते.

शेवटचं आधी घेते. कृष्णाकाठचा ऊस बघून जिल्हा ठरवू नका. तो ऊस तोडायला आपल्याच जिल्ह्यातल्या जतहून निघणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये शाळेच्या वयाची पोरं बसलेली असतात, तीही बघा.

आता आळस. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये आपल्याच तासगाव तालुक्यात झाला. तो मांडणारे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात अशाच सरकारी कामांनी लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, १९७७ ला राज्याचा कायदा झाला, २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. यात फुकट काय आहे? आधी खणायचं, मग मोजमाप, मग मजुरी. आळशी माणूस मे महिन्याच्या उन्हात टिकाव घेऊन उभा राहत नाही हो.

मन लागतं, हे खरंच. पण २०१९ च्या उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या एका गावात बायका महिनाभर तोंडी काम मागत होत्या आणि ग्रामपंचायतीचं उत्तर एकच, "काम निघालं की सांगतो." कायद्यात होतं, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. हे पंधरा दिवस मोजायचे कुठून? तारखेच्या पोचेपासून. ती पोच कुणाकडेच नव्हती. आम्ही मागणीचे अर्ज भरले, एकोणीस जणींच्या सह्या-अंगठे घेतले आणि पोच हातात पडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. अकराव्या दिवशी हजेरीपट निघाला, म्हणजे काम मिळालं. एका मावशींनी ती पोच अजून रेशनकार्डात घालून ठेवलीय. कुठला कागद कुणाला बांधून ठेवतो, मजुरी आधारवरच्या नावात अडकलीय की बँकेत, हे शिकावंच लागतं.

पोटाचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. बरीच पदं कंत्राटी असतात. पहिली चार वर्षं आमचं घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. माझ्या भाचीने विचारलं तेव्हा हे सगळं आधी सांगितलं. तरी ती म्हणाली, "आत्या, पुढच्या ग्रामसभेला मला ने." नेणार आहे.