पासष्टीनंतरचा फौजी आणि दरमहाचा हप्ता

साताऱ्याकडच्या आमच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे. त्यातली निम्मी मंडळी माजी सैनिक किंवा माजी सैनिकांची मुले आहेत. त्या ग्रुपवर अधूनमधून एकच मजकूर थोडाफार बदलून फिरत असतो: अमेरिकेत सैनिकाला निवृत्तीनंतर मरेपर्यंत फुकट उपचार मिळतात आणि आपल्याकडे सुभेदारसाहेबांना माजी सैनिकांच्या सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये रुग्णालयात जाण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे रेफरलच्या कागदासाठी, ताटकळत बसावे लागते. मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात राहतो आणि एका दवाखान्याच्या बिलिंग विभागात काम करतो. फोर्ट सॅम ह्यूस्टन आणि लॅकलँड हे दोन मोठे लष्करी तळ याच शहरात असल्याने निवृत्तीनंतर इथेच घर केलेले सैनिक आमच्याकडे रोज येतात. त्यामुळे त्या मजकुराचा पहिला भाग मला कामामुळे ठाऊक आहे आणि दुसरा माझ्या निवृत्त सुभेदार वडिलांमुळे. दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिला खरा नाही, आणि तो का खरा नाही हे नीट पाहिल्याशिवाय आपण आपल्या सरकारकडे नेमके काय मागायचे हे ठरवता येणार नाही, असे मला वाटते.

अमेरिकी सैन्यात साधारणपणे वीस वर्षे नोकरी केल्यावर निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे बरेच जण चाळिशीच्या आसपास बाहेर पडतात. तिथून पासष्टीपर्यंत त्यांना ‘ट्रायकेअर’ या लष्करी आरोग्य योजनेचे संरक्षण असते. पासष्टाव्या वर्षी देशातल्या बाकी सर्व नागरिकांप्रमाणे तेही ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याला पात्र होतात आणि त्या दिवसापासून त्यांचे जुने ट्रायकेअर आपोआप चालू राहत नाही. मेडिकेअरचा ‘पार्ट ए’ हा रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो. नोकरीच्या काळात पगारातून कर कापला गेलेला असल्यामुळे त्यासाठी बहुतेकांना वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. डॉक्टरची फी, तपासण्या आणि दाखल न होता घेतलेले उपचार यांसाठीचा ‘पार्ट बी’ मात्र दरमहा हप्ता भरून घ्यावा लागतो. हा हप्ता २०२५ मध्ये १८५ डॉलर होता आणि २०२६ साठी तो २०२.९० डॉलर झाला. उत्पन्न जास्त असेल तर तोही वाढतो. हे दोन्ही भाग घेतले तरच ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’, म्हणजे पासष्टीनंतरचे ट्रायकेअर, लागू होते. त्या योजनेला स्वतःचे वेगळे शुल्क नाही, आणि बहुधा यामुळेच ‘फुकट’ हा शब्द तिला चिकटला असावा. प्रत्यक्षात नवराबायको दोघेही पासष्टीच्या पुढे असतील तर २०२६ च्या दराने वर्षाला ४,८०० डॉलरहून अधिक रक्कम पार्ट बीपायी जाते, आणि तीही आयुष्यभर.

हे दोन विमे एकत्र कसे चालतात ते कागदावर पाहण्यासारखे आहे. समजा, एखाद्या तपासणीसाठी मेडिकेअरने १,००० डॉलरचा दर मान्य केला. पार्ट बीची वर्षाची सुरुवातीची ठरावीक रक्कम (ती भरेपर्यंत मेडिकेअर आपला वाटा देत नाही) आधीच भरून झाली असेल तर मेडिकेअर त्यातले ८०० डॉलर देते आणि क्लेम संगणकातूनच परस्पर पुढे पाठवते. उरलेले २०० डॉलर ट्रायकेअर देते. रुग्णाच्या घरी नंतर जे पत्रक पोहोचते त्यात दवाखान्याने लावलेली रक्कम, मान्य झालेली रक्कम आणि कोणी किती दिले याचे रकाने एकाखाली एक असतात, आणि ‘तुम्ही देणे लागता’ या शेवटच्या रकान्यात शून्य छापलेले असते. आमच्या विभागात ज्यांची फाइल उघडताना कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही असे रुग्ण म्हणजे हे. खासगी विमा कंपन्यांशी जसा पत्रव्यवहार आणि जशी हुज्जत चालते तशी इथे सहसा चालत नाही. एवढे झाल्यावर हेही सांगायला हवे की तो शून्य आधी दरमहा भरलेल्या हप्त्याने विकत घेतलेला असतो.

खरी गडबड होते ती पासष्टीच्या उंबरठ्यावर. निवृत्त सैनिक तोवर बहुधा दुसऱ्या नोकरीत असतो आणि तिथल्या कंपनीचा विमा त्याच्याकडे असतो. मग एवढा हप्ता कशाला भरा, असा सरळ हिशोब करून तो पार्ट बी नाकारतो. तो कामावर आहे तोवर मेडिकेअरच्या नियमांप्रमाणे त्यात चूक नाही आणि उशिराचा दंडही नाही, पण त्याचे ट्रायकेअर तिथेच थांबते. हे अनेकांच्या लक्षात येते ते औषधाच्या दुकानात कार्ड चालले नाही म्हणजे. नोकरी किंवा तिचा विमा नसताना ज्याने पार्ट बी टाळले त्याची अवस्था आणखी वाईट. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ कायमची असते. नोंदणीसाठी वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन असे सात महिने मिळतात, पण ज्याला ट्रायकेअरमध्ये खंड पडू द्यायचा नाही त्याने वाढदिवसाच्या महिन्याआधीच नाव घातलेले बरे. त्यातही ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल त्याचे मेडिकेअर एक महिना आधी सुरू होते. हा नियम वाचताना मला आपल्याकडची, गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली पिढी आठवली. त्यांच्यातले जे कोणी इथे येऊन या गणवेशात निवृत्त झाले असतील त्यांचे मेडिकेअर जूनमध्ये नव्हे, मे महिन्यातच सुरू होते.

ही सगळी रचना मुळात आली कुठून, हे समजून घेतले तर ग्रुपवरच्या मजकुरातला खरा पोकळपणा दिसतो. मेडिकेअरचा कायदा १९६५ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी सैनिकांसाठी जी नागरी उपचारांची योजना आली तिचे संरक्षण निवृत्तांना पासष्टीपर्यंतच होते. त्यानंतर त्यांनी मेडिकेअरवर भागवायचे किंवा लष्करी रुग्णालयात जागा शिल्लक असेल तर तिथे जायचे. १९९० च्या दशकात तळ बंद होऊ लागले, त्यांच्याबरोबर रुग्णालयेही गेली आणि शिल्लक जागेचा आधारही उरला नाही. भरतीच्या वेळी ‘वीस वर्षे काढा, तुमचे आणि तुमच्या बायकोचे उपचार जन्मभर मोफत’ असे सांगितले गेले होते, असे म्हणत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भरती झालेले दोन निवृत्त सैनिक कोर्टात गेले. त्यांची बाजू मांडणारे वकील होते निवृत्त कर्नल जॉर्ज ‘बड’ डे. हे स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले आणि अमेरिकेतला सर्वोच्च शौर्य सन्मान, मेडल ऑफ ऑनर, मिळालेले गृहस्थ. २००१ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी या सैनिकांच्या बाजूने कौल दिला, पण नोव्हेंबर २००२ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो फिरवला. भरती अधिकाऱ्यांनी अशी आश्वासने दिली होती हे सरकारने नाकारले नव्हते. मात्र असे वचन देण्याचा अधिकार त्यांना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायद्याने दिलेला नव्हता, म्हणून ते सरकारवर बंधनकारक ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि विषय संपला.

कोर्टात हरलेल्या या माणसांना जे मिळाले ते संसदेतून मिळाले. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या संरक्षण कायद्यात ट्रायकेअर फॉर लाइफची तरतूद आली आणि १ ऑक्टोबर २००१ पासून योजना सुरू झाली. तिच्याहूनही महत्त्वाची गोष्ट, जी आपल्याकडच्या चर्चेत मी कधीच ऐकलेली नाही, ती म्हणजे याच कायद्याने एक स्वतंत्र निधी उभा केला. आज खंदकात उभा असलेला सैनिक उद्या पासष्टीचा झाल्यावर जो खर्च येईल, त्याचा अंदाज करून तो नोकरीत असतानाच दरवर्षी त्या निधीत पैसे घातले जातात. आमच्या दवाखान्याला त्या शेवटच्या दोनशे डॉलरची वाट पाहावी लागत नाही, याचे कारण हे आहे.

आता आपल्याकडे येतो. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, ती १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली, म्हणजे अमेरिकेच्या या योजनेनंतर अवघ्या दीड वर्षाने. रचना म्हणून पाहिली तर ती मला अमेरिकेपेक्षा उजवी वाटते. वर्गणी एकदाच, निवृत्तीच्या वेळी भरायची. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांना ३० हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये असे दर सातव्या वेतन आयोगानंतर ठरले. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तीही माफ आहे. पासष्टीची रेघ नाही, दुसऱ्या विम्याशी सांधा जुळवण्याची भानगड नाही, मुदत चुकली म्हणून जन्मभराचा दंड नाही. शिवाय अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. अमेरिकी सैनिकाच्या आईवडिलांना ट्रायकेअर मिळत नाही, लष्करी रुग्णालयात जागा असेल तर तेवढा आधार, हे मी ग्रुपवर सांगितले तेव्हा कोणाचाही विश्वास बसला नव्हता.

अडते ते पैशापाशी. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पॉलिक्लिनिकमधून रेफरल हातात होता, यादीतले रुग्णालय घरापासून जवळ होते, पण तिथल्या काउंटरवर ‘ईसीएचएसचा बेड सध्या नाही’ असे उत्तर मिळत राहिले. रोख भरणाऱ्याला मात्र त्याच आठवड्यात तारीख मिळत होती. त्या काउंटरवरच्या मुलीवर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण मी तिच्यासारखेच काम करतो. ठरलेले सरकारी दर कमी आणि बिलाचे पैसे कधी येतील याचा नेम नाही, असे असले की कोणतेही खासगी रुग्णालय त्या रुग्णाला रांगेत मागे ढकलते आणि थकबाकी फार साचली की योजनेतून अंग काढून घेते. माजी सैनिकाने भरलेली वर्गणी सरकारजमा होते आणि खर्चाची तरतूद दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून होते. ती तोकडी पडली की त्याची झळ शेवटी गुडघा धरून बसलेल्या म्हाताऱ्याला लागते. आपल्याकडे मागणी होते ती नवी पॉलिक्लिनिके, जास्त रुग्णालये यादीत घ्या, अशी. मला वाटते, त्याआधी मागायला हवा तो स्वतंत्र निधी आणि बिल अमुक दिवसांत फेडण्याचे कायदेशीर बंधन, उशीर झाल्यास व्याजासकट.

अमेरिकेतही या सोयीला सुखाची झोप नाही. ओबामा सरकारच्या काळात संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून ट्रायकेअर फॉर लाइफला वार्षिक शुल्क लावण्याचा प्रस्ताव वारंवार आला आणि काँग्रेसने तो प्रत्येक वेळी बाजूला ठेवला. पासष्टीच्या आतल्या निवृत्तांच्या एका योजनेला मात्र २०२१ पासून शुल्क लागलेच. या विषयावर माझे मत निवृत्तांच्या बाजूचे आहे, पण त्यांच्यातले काही जण जेव्हा ‘आम्हाला हे फुकट कबूल केले होते’ असे म्हणतात तेव्हा ते स्वतःचीच बाजू कमजोर करतात. पार्ट बीचा हप्ता ते भरतच आहेत, आणि तेच त्यांनी आधी सांगायला हवे.

या हप्त्याचा सर्वांत विचित्र प्रकार आपल्या माणसांच्या वाट्याला येऊ शकतो. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेला एखादा मराठी माणूस पुढे पुण्यात येऊन राहायचे ठरवतो असे धरा. मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे जवळजवळ कधीच देत नाही. तरीही ट्रायकेअर टिकवायचे तर त्याला पार्ट बी भरत राहावेच लागते. पुण्यात ट्रायकेअरच पहिला विमा होतो, सुरुवातीची ठरावीक रक्कम गेल्यावर खर्चाचा २५ टक्के वाटा त्याच्याकडे राहतो आणि कुटुंबामागे वर्षाला ३,००० डॉलरची कमाल मर्यादा असते. बहुतेकदा पैसे आधी खिशातून भरायचे आणि नंतर पावत्या पाठवून परत मागायचे. त्याच सोसायटीतल्या निवृत्त नायब सुभेदाराकडे ईसीएचएसचे कार्ड असते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही मिळणारे आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण हवे असेल तर त्याला दोहोंतले एक निवडता येते. कागदावर तरी हा सुभेदार जास्त सुखी आहे.

अग्निवीरांच्या वादात मात्र ग्रुपवरचा तो मजकूर सरळसरळ चुकीच्या जागी वापरला जातो. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतनही नाही, ईसीएचएसही नाही. याला उत्तर म्हणून अमेरिकेची ‘जन्मभराची’ सोय दाखवली जाते, पण चार वर्षांनी बाहेर पडलेल्या अमेरिकी सैनिकालाही ट्रायकेअर फॉर लाइफ मिळत नाही. त्यासाठी निवृत्तीच लागते. त्याला मिळते ते माजी सैनिक व्यवहार खात्याच्या रुग्णालयांचे दार, सर्वसाधारणपणे दोन वर्षांची सेवा झाली असेल तर, उत्पन्न आणि सेवेतल्या दुखापतीनुसार ठरलेल्या क्रमाने, आणि सेवेमुळे जडलेल्या आजारावर पुढे किती वर्षे उलटली तरी उपचार. तुलना करायची तर ती याच्याशी करावी लागेल. अग्निवीराला नोकरीत अपंगत्व आले तर टक्केवारीनुसार एकरकमी अनुदान ठरलेले आहे, पण सियाचीनच्या थंडीने आज न दिसलेले आणि पन्नाशीत वर आलेले दुखणे त्या रकमेत कुठे बसते? पहिल्या तुकडीची चार वर्षे संपत आली आहेत. या एका मुद्द्यापुरता कायदा, म्हणजे सेवेमुळे उद्भवलेल्या आजारावर हुद्दा आणि सेवेची वर्षे न पाहता आजन्म उपचार, ते बाहेर पडण्याआधी होऊ शकतो, आणि त्याचा खर्च ईसीएचएसच्या आधीच ताणलेल्या तरतुदीत न घालता पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवता येतो.