फणस माणूस बघून टोचत नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नव्या नात्यात रागीटपणाच्या खुणा कशा ओळखाव्यात, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळत येणाऱ्या माणसाचा पारा चढणारच. एका भांडणावरून मुलाला निकालात काढू नये. काही माणसं फणसासारखी असतात, वरून काटे आणि आत गरे. आणि खरंच त्रास झाला तर कायदा आहेच.

एक मुद्दा मान्य. 'पहिल्यांदा आवाज चढला की नातं संपवा' हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते काढून टाकते. आवाज माझाही चढतो.

पण फणस माणूस बघून टोचत नाही, काका. मी तेव्हा एका मुलाला भेटत होते. माटुंग्याच्या एका उडुपी हॉटेलात आमची तिसरी भेट होती. टेबल पुसणाऱ्या पोराचा धक्का लागून याच्या शर्टावर थोडं पाणी सांडलं. तो त्या पोराला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्टीलचा पेला असा ढकलला की कॉफी टेबलभर पसरली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. 'हो सर, नक्की सर.' आवाज एकदम मऊ. पोरगा अजून फडकं हातात धरून, खाली मान घालून तिथेच उभा होता. राग खरंच अनावर झाला असता, तर साहेबांनाही त्याची झळ लागली असती. त्याला राग आवरता येत होता. कुणापुढे आवरायचा, ते तो ठरवत होता. मला हे तेव्हाच दिसलं, तरी मी मनावर घेतलं नाही.

पुढची खूण त्याच्यात नव्हती, माझ्यात होती. दादरला पोचायला उशीर होणार असला, की मी मुलुंडच्या फलाटावरच्या इंडिकेटरचा फोटो काढून त्याला पाठवायला लागले. गाडीच उशिरा आहे, याचा पुरावा म्हणून! एका मैत्रिणीने विचारलं, 'तू हे फोटो कुणाला पाठवत असतेस गं?' मला उत्तर देता येईना.

म्हणून मी मुलींना सांगते, एखाद्या साध्या गोष्टीला नाही म्हणून बघा. 'आज नको, दमलेय, रविवारी भेटू.' तो हिरमुसला तर काही बिघडत नाही. पण रात्रीतून वीस मिस्ड कॉल आले, आणि सकाळी माफी मागतानाही 'तूच मला चिडायला लावतेस' हे ऐकावं लागलं, तर पाऊल मागे घ्या.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्या माणसांमधल्या नात्यांसाठी आहे. लग्नासारखं नातं त्यात येतं. नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलंय. म्हणजे अजून फक्त भेटीगाठीच चालू असलेल्या मुलीला त्या कायद्याचं संरक्षण नाही. मारहाण, पाठलाग हे गुन्हे आहेतच, मुंबईत पोलिसांच्या 103 या महिला हेल्पलाइनवर फोनही करता येतो. पण ही वेळ येईपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. मला त्याच्या आधीचं बोलायचं होतं.

तुमची मुलगी सध्या एका मुलाला भेटतेय, असं तुम्ही लिहिलंत. पगार आणि घर विचाराल, तसं तो वेटरशी कसा बोलतो तेही विचारा. आणि तिला उशीर झाला, की ती त्याला काय कळवते ते.