‘मुलाला अनवाणी पळवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते काल रात्री मी तीनदा वाचलं. मुलाच्या अंगठ्याची साल निघाली, आम्ही साधा फोन केला नाही, अडीच हजारांचे नवे बूट पहिल्याच दिवशी कोपऱ्यात ठेवायला लावले, आणि पार्कूरच्या (म्हणजे धावत, चढत, उड्या मारत भिंती-कठडे पार करण्याच्या) व्हिडिओत सगळे बूट घालून उड्या मारतात मग साताऱ्यातच हे अनवाणी खूळ कुठून आलं, असं तुम्ही विचारलंय.

अंगठ्याची चूक आमचीच आहे. त्याचा तो दुसराच तास होता. हॉलमधला सराव संपून दहा मिनिटं उरली, तेव्हा आमच्या सहायकानं मोठ्या मुलांबरोबर त्यालाही मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढायला सोडलं. त्या भिंतीचा गिलावा खरखरीत आहे. भिंत चढताना पाय दाबून अंग वर ढकलायचं असतं. नवीन पोरं पाय खाली ओढतात आणि अंगठ्याचं टोक घासतं. पहिले सहा आठवडे त्या भिंतीला उघडा पाय लावायचा नाही, हा नियम मीच केलेला, आणि तो माझ्याच वर्गात मोडला. जखम धुऊन पट्टी लावली, पोरगं हसत घरी गेलं, म्हणून फोन राहिला. तो त्याच वेळी करायला हवा होता, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय हेही तुम्हाला विचारायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

बूट काढायला लावले त्याबद्दल मात्र माफी मागत नाही. ते विचार करून केलंय.

तुमच्या मुलाचंच सांगतो. पहिल्या दिवशी गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावरून त्यानं बूट घालून उडी मारली. धप्पकन आवाज आला. टाच आधी टेकली, गुडघे ताठ. मी काही समजावत बसलो नाही. बूट काढ म्हटलं, ठोकळा तोच, उडी तीच. पहिल्यांदा टाच आपटली आणि ‘आई गं’ म्हणाला. चौथ्या उडीला चवड्यावर उतरला, गुडघे आपसूक वाकले, आवाज जवळजवळ आलाच नाही. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. जाड सोलमध्ये टाच आपटलेली तळव्याला जाणवत नाही, धक्का मात्र गुडघ्यापर्यंत जातोच. उघडा तळवा चूक तिथल्या तिथे सांगतो, म्हणून शिकताना तो उघडा हवा.

व्हिडिओबद्दल तुमचं बरोबर आहे. पॅरिसजवळच्या लिस गावात डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांनी पार्कूर उभं केलं, तेही काँक्रीटवर बूट घालूनच. पण त्याच्या मुळाशी जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धत आहे. धावणं, चढणं, उड्या, तोल, सगळं उघड्यावर, तेही बहुतेक अनवाणी. आणि आपल्याला तरी हे नवं कुठंय? मल्लखांब अनवाणी, तालमीतली लाल माती अनवाणी. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीला मॅटवर लढून कांस्यपदक घेऊन आले. मातीत उघडा पाय, मॅटवर बूट, हे आपल्याकडचे पैलवान आजही करतात. आमच्याकडेही तसंच आहे: शिकायचं अनवाणी, जमलं की बाहेर बूट घालून.

‘मॅटचे पैसे वाचवायला’ असंही तुम्ही लिहिलंय. हॉलमध्ये मॅट आहेत, पडण्याच्या सरावाला रोज वापरतो.

अनवाणीचे धोके मला माहीत आहेत. वर्षानुवर्षं बुटात राहिलेला पाय एकदम उघडा करून तासभर उड्या मारल्या तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते, चवड्याच्या हाडाला बारीक तडाही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीला पंधराच मिनिटं, तीही सपाट जमिनीवर. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या मोठ्या माणसांना मी अजिबात बूट काढू देत नाही. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळीसुद्धा काँक्रीट भाजतं, तेव्हा बाहेर सगळे बुटात. रोज झाडू मारल्यावर मी स्वतः अनवाणी हॉलभर फिरतो. एकदा स्टेपलरची पिन माझ्याच पायात सापडली, तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही.

बुटांचा खर्च मात्र मनाला लागला. प्रवेश घेतानाच सांगायला हवं होतं की जाड, फुगीर सोलचे धावायचे बूट इथे चालत नाहीत; कठड्याच्या कडेवर त्यात पाय डुलतो. पातळ, सपाट, हातानं वाकणाऱ्या सोलचे साधे बूट पुरतात. हे आता फॉर्मवर पहिल्या ओळीत घातलंय. तुमचे बूट फुकट जाणार नाहीत, यवतेश्वरच्या घाटात पळायला ते उत्तम आहेत.

मुलाला काढायचं ठरवलं असेल तर उरलेली फी परत देतो, कारण विचारणार नाही. नाहीतर अंगठ्याची खपली पडल्यावर एका संध्याकाळी त्याच्याबरोबर तुम्हीही या. गोडोलीत साडेपाचला तास सुरू होतो. ठोकळा तोच ठेवतो. डोळे मिटून बसा आणि त्याच्या दोन उड्या ऐका, एक बुटातली आणि एक अनवाणी.